वाचकांचे प्रश्न : गुलाबी दाणे आणि पांढरी माती

प्रश्न : गोव्यातल्या पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या ग्रॅनाइटमध्ये गुलाबी, चौकोनी तुकडे दिसतात. ती गारगोटी की फेल्स्पार? (वाचक, मडगाव)

फेल्स्पार (ग्रॅनाइटमधले एक मुख्य खनिज), आणि तोही पोटॅशवाला, म्हणजे पोटॅशियम असलेला. रंगावर मात्र विसंबू नका. हाच फेल्स्पार पांढराही असतो. खरी ओळख तुटण्यात आहे. खडक फोडू नका, ओहोटीला सुटा पडलेला, ताज्या तुटीचा दगड घ्या. लाटांनी घासलेला पृष्ठभाग मंद दिसतो आणि तिथेच फसगत होते. दगड उन्हात हळूहळू फिरवा. फेल्स्पार सपाट पातळ्यांवर फुटतो, म्हणून दाण्याचा अख्खा चेहरा एकदम लखलखतो. अशा दोन पातळ्या जवळजवळ काटकोनात भेटतात. गारगोटीला अशी पातळी नसते. ती फुटक्या बाटलीच्या काचेसारखी वक्र तुटते.

मोठा दाणा मिळाला तर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कधी त्याचा अर्धा भाग चमकतो आणि अर्धा विझलेला असतो, मध्ये सरळ रेघ. दगड किंचित फिरवला की उलट होते. हे जुळे स्फटिक, म्हणजे एकमेकांना जोडून वाढलेले दोन स्फटिक. फेल्स्पारचा दुसरा प्रकार सोडा-चुन्याचा (सोडियम-कॅल्शियमचा); त्यावर दहापट भिंगातून बारीक समांतर रेघा दिसू शकतात, पण रेघा नाहीत म्हणून तो नाहीच, असे ठरवू नये. फेल्स्पारचा कठीणपणा मोहस् मापावर (१ ते १०) ६, म्हणजे साध्या चाकूने ओरखडा उठत नाही. गारगोटीचा ७.

प्रश्न : घराच्या पायासाठी खणताना खाली दाणेदार पण हाताने चुरणारा पांढरट खडक लागला. यावर पाया चालेल? (वाचक, काणकोण)

तपासल्याशिवाय नको. कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी फेल्स्पारमधला पोटॅश, सोडा धुऊन नेते आणि मागे चिनी माती उरते. खडकाचा आकार तसाच राहतो, ताकद जाते. एक ढेकूळ रात्रभर पाण्यात ठेवा. ते सुटून पाणी दुधाळ झाले आणि गारगोटीची वाळू तळाशी बसली, तर फेल्स्पार कुजलेला आहे.

खरा धोका असमानतेचा. अशा मातीत न कुजलेले गोटे दडलेले असतात. एक खांब गोट्यावर, दुसरा मातीवर आला की घर एका बाजूने खचते आणि भिंतीला तिरकी चीर जाते. पहार टणटणली म्हणून थांबू नका; प्रत्येक खड्ड्यात चारही कोपरे ठोकून बघा, मग पायाची खोली इंजिनिअरकडून ठरवून घ्या. खड्डा पावसात उघडा ठेवू नका, तळ भिजून मऊ होतो. तपासणी झाली की त्याच दिवशी पीसीसी (सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर) घाला.