बोली उघड, वजन काट्यावर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदिरानगरचा, वय २९, सहा वर्षं हिंजवडीत नोकरी करतोय. आई-बाबा नाशिकलाच आहेत. आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय. मुंबईतली कुठलीशी मोठी कंपनी मुख्यालय बाहेर हलवणार आणि पुणे, नागपूर, नाशिक अशी तीन नावं आहेत म्हणे. मित्र म्हणतात, नाशिकनं जमीन फुकट द्यावी, दहा वर्षं घरपट्टी माफ करावी, पण कंपनी सोडू नये. अमेरिकेत ॲमेझॉनसाठी शहरांनी असंच केलं होतं. हे बरोबर आहे का? आणि खरं सांगायचं तर, असं झालं तर मला घरी परत येता येईल का?
(एक वाचक, सध्या मुक्काम वाकड)

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न नवरदेव आहे, बाकीचे वऱ्हाडात आलेत. तू माझ्या धाकट्यापेक्षा लहान, म्हणून अरे-तुरे करतेय.

आधी ग्रुपवर एवढं विचार, की नक्की हलणार काय? नोंदणीकृत कार्यालय शहराबाहेर न्यायचं तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, दुसऱ्या राज्यात न्यायचं तर केंद्र सरकारची मंजुरीही लागते. पण एवढं करून हलते ती पाटी. ते कार्यालय एका खोलीतसुद्धा असू शकतं. आपल्याला हवं ते जिथे खरेदी, भरती आणि सह्या होतात ते ऑफिस.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात २८ वर्षं कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, केलं. कारखाना अजून चालतो. पण मी तिथे असताना मालकांनी हेड ऑफिस पुण्याला नेलं. दोन टेम्पोत मावलं सगळं. माणसं गेली ४१. पेपरात ओळसुद्धा आली नाही. काय गेलं ते कळायला तीन वर्षं लागली, कारण त्या ४१ जणांत खरेदी खातं होतं. आधी शेजारच्या अंबडचा, सुटी कामं करून देणारा जॉबवर्कवाला सकाळी नमुना पिशवीत घालून यायचा, चहा होईस्तोवर भाव ठरायचा, दुपारी ऑर्डर हातात. नंतर त्यानं कोटेशन मेलवर पाठवायचं आणि वाट बघायची. पुण्यातल्या साहेबांना भोसरी-चाकण हाताशी होतं, त्यांचं तरी काय चुकलं? आमच्यासाठी जिग-फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम पक्कं धरणारी साधनं, करणारे अंबडमधले सहा जण होते, दोघं उरले. आमची छपाई करणाऱ्यानं एक मशीन विकलं.

त्यामुळे मुख्यालय आलेलं मला हवंच आहे. प्रश्न भावाचा आहे. आणि भाव करताना महापालिकेच्या गल्ल्यात काय पडणार ते बघ. आयकर दिल्लीला जातो. व्यवसाय कर राज्याला, तोही माणशी वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला. जीएसटी माल जिथे खपतो तिकडचा, मुख्यालय कुठे आहे यावर तो ठरत नाही. महापालिकेला त्या इमारतीतून हक्कानं मिळते ती मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. तुझे मित्र नेमकी तीच माफ करायला निघालेत.

आता ॲमेझॉन. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की सिएटलच्या जोडीला दुसरं मुख्यालय हवंय, ५० हजार नोकऱ्या, ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक. २३८ प्रस्ताव गेले. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्ट शहरानं आपल्या हद्दीतून ३४५ एकर तोडून तिथे ॲमेझॉन नावाचं गावच वसवायची तयारी दाखवली. ॲरिझोनातल्या टुसॉनकरांनी २१ फुटी निवडुंग ट्रकमध्ये घालून पाठवला, कंपनीनं तो संग्रहालयाला देऊन टाकला. न्यू जर्सीतल्या नेवार्कनं ७ अब्ज डॉलरच्या सवलती पुढे केल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये निकाल लागला तेव्हा मुख्यालयाचे दोन तुकडे झाले होते, एक न्यूयॉर्कला आणि एक वॉशिंग्टनला खेटून असलेल्या व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला. न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ ३ अब्ज डॉलरच्या सवलतींवरून आणि साहेबांच्या हेलिपॅडवरून लोक उठले, तेव्हा १४ फेब्रुवारी २०१९ ला कंपनीनं तिथून अंग काढून घेतलं. (दिवस बघ कुठला निवडला.)

या सगळ्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती वॉशिंग्टनजवळची पोटोमॅक नदी. नदीच्या अलीकडे मेरीलँड राज्यानं रस्ते-रेल्वे धरून साडेआठ अब्ज डॉलरचं ताट वाढलं होतं. पलीकडे व्हर्जिनियानं नोकरीमागे २२ हजार डॉलर कबूल केले, पहिल्या २५ हजार नोकऱ्यांचे मिळून ५५ कोटी. कंपनी पलीकडे गेली. वर व्हर्जिनियानं अट घातली की नोकरी आधी, पैसे नंतर. आणि बाकीचा बराचसा पैसा कंपनीच्या हातात न देता संगणक शिकवणाऱ्या कॉलेजांकडे वळवला. २०२३ मध्ये कंपनीनं तिथल्या दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम लांबणीवर टाकलं. पण कंपनी उद्या उठून गेली तरी पदवी घेतलेली मुलं तिथेच राहतात.

माझे वडील निफाड तालुक्यातले, कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावला जायचे. मी लहानपणी ट्रॉलीवर बसून लिलाव पाहिलेत. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीशी थांबतो, बोली मोठ्यानं होते, शेजारच्या ट्रॉलीवाल्यालाही भाव ऐकू जातो. मग काट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, मग पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती. तिथेही लबाड्या चालतात, खळ्यावर गेल्यावर भाव पाडणारे मी पाहिलेत. पण बोली तरी उघड असते. ॲमेझॉनच्या वेळी अंतिम यादीतल्या शहरांकडून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या होत्या. कोण किती देतंय ते फक्त कंपनीला ठाऊक, आणि कित्येक ठिकाणी आपल्या शहरानं काय कबूल केलंय हे तिथल्या करदात्यालाच कळलं नाही. शिवाय या शहरांची माहिती, जमिनींचे नकाशे, रस्त्यांचे आराखडे कंपनीला फुकटात मिळाले.

वजन न करता पट्टी फाडली की काय होतं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याला विचार. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं १३ हजार नोकऱ्या सांगितल्या, राज्यानं ३ अब्ज डॉलरच्या आसपास सवलती कबूल केल्या, माउंट प्लेझंट गावातली घरं उठवली. २०२१ मध्ये करार पुन्हा लिहिला तेव्हा नोकऱ्यांचा आकडा १,४५४ वर आला होता. राज्याचं नशीब एवढंच, की बहुतेक सवलती प्रत्यक्ष नोकऱ्यांना बांधलेल्या होत्या. गावानं रस्त्या-पाण्यावर पैसा मात्र आधीच घातला होता.

आणि आलेलं टिकतं का? विमानं बनवणाऱ्या बोइंगनं २००१ मध्ये सिएटल सोडलं. डॅलस, डेन्व्हर, शिकागो तिघं ताटकळत होते, साहेबांचं विमान हवेत गेल्यावर शिकागोचं नाव फुटलं. पाचेकशे नोकऱ्यांसाठी सुमारे ६ कोटी डॉलरच्या सवलती वीस वर्षांत विभागून दिल्या. २०२२ मध्ये बोइंगनं मुख्यालय हलवत असल्याचं जाहीर केलं. कुठे? त्याच आर्लिंग्टनला.

नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ चा. त्याआधी आपली टपाल तिकिटं विलायतेहून छापून यायची. शंभर वर्षं झाली, प्रेस जागचा हलला नाही, कारण त्याच्याभोवती छपाई जाणणारी तीन-चार पिढ्यांची माणसं तयार झाली. ओझरच्या विमान कारखान्याचंही तेच. तुमच्या ग्रुपला जोर लावायचाच असेल तर ओझरच्या विमानतळावरून वाढीव विमानसेवा, पुण्याची रेल्वे आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बऱ्या प्रयोगशाळा यासाठी लावा. कंपनी नाही आली तरी तो खर्च आपल्याच घरात राहतो. आणि सवलत द्यायचीच झाली तर महासभेत उघड वाचून, आणि नोकरी मोजल्यावर.

आता नवरदेवाकडे येते. मुख्यालय हलतं तेव्हा पहिल्या दिवशी खुर्च्या भरलेल्याच असतात, जुनीच माणसं नव्या शहरात येतात. आमचं पुण्याला गेलं तेव्हा १३ जणांनी जायला नकार दिला, कुणाचे आई-वडील इथे, कुणाच्या बायकोची नोकरी. त्या १३ जागा पुण्यातल्या मुलांनी भरल्या. तुझी संधी अशा जागांत आहे, आणि त्या सहा-आठ महिन्यांनी निघतात. ग्रुपवरच्या बातमीवर राजीनामा देऊ नकोस. तोवर शुक्रवारी संध्याकाळी नारायणगाव-संगमनेर करत ये, आई वाट बघत असणार.

प्रश्न : आम्ही सिन्नरला राहतो. एजंट म्हणतो, कंपनी येतेय, वर दोन खोल्या चढवा, भाडं दुप्पट येईल. मिस्टर बँकेत कर्जाचा फॉर्म घेऊन आलेत. काय करू?
(एक गृहिणी, सिन्नर)

उत्तर : फॉर्म कपाटात ठेवा. आजच्या भाड्यात हप्ता निघतो का ते बघा, निघत असेल तर खुशाल बांधा, कंपनी येवो न येवो. निघत नसेल तर एजंटला म्हणावं, दोन वर्षांचं भाडं आगाऊ आणून दे, मग स्लॅब टाकतो.