मनोविकारांवरील औषधे उंदरांना ताणाच्या जठरव्रणापासून (अल्सरपासून) वाचवतात. मग ती पोटाला चांगली मानावीत का?

नाही. असा एक प्रयोग मी एम. फार्म.ला असताना स्वतः केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विस्टार जातीचे उंदीर चोवीस तास उपाशी ठेवून, निम्म्यांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध टोचून, हलता येणार नाही अशा जाळीत जखडून मी त्यांना तीन तास थंडीत ठेवत असे. नंतर जठर मोठ्या वक्रतेवरून कापून, सलाइनने धुऊन, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून भिंगाखाली पाहायचे. औषध न मिळालेल्यांच्या अस्तरावर काळपट लाल चरे उठलेले असत. इमिप्रामिनवाल्यांत ते मोजकेच दिसत. माझ्या गाइडनी त्याच संध्याकाळी निष्कर्ष सांगून टाकला की, औषधाने ताण हलका झाला, म्हणून व्रण टळले.

मला ते तेव्हाही पटले नाही. नैराश्याच्या रुग्णाला या औषधाने उतार पडायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि उंदराचे मन एका इंजेक्शनने ताळ्यावर येते काय? इमिप्रामिन असेटिलकोलिन या नसांचा संदेश पोहोचवणाऱ्या रसायनाला अडवते, त्याच्या जातकुळीतले डॉक्सेपिन तर आम्ल सुटायला लावणाऱ्या हिस्टामिनलाही अडवते, त्यामुळे आम्लाचा स्राव आणि जठराचे आकुंचन दोन्ही मंदावतात. असेटिलकोलिनलाच अडवणारे ॲट्रोपिन दिले किंवा मेंदूकडून जठराकडे येणारी व्हेगस नस कापली तरी हे व्रण टळतात, आणि ॲट्रोपिनला कोणी नैराश्यावरचे औषध म्हणत नाही. म्हणून मी ॲट्रोपिनचा एक गट मागितला, तर ‘मंजूर झालेले उंदीर संपले’ असे उत्तर मिळाले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न त्या गटाविषयी विचारला, तेव्हा सरांनी माझ्याकडे बोट दाखवले.

ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ताणाने उंदरांच्या जठरात व्रण होतात हे दाखवले, ते खरेच आहे. पण माणसाचा व्रण बहुधा हेलिकोबॅक्टर जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. त्यामुळे उंदरांवरच्या अशा प्रयोगाचा शोधनिबंध वाचताना त्यात ॲट्रोपिनचा गट आणि उंदरांच्या शरीराच्या तापमानाची नोंद (थंडीत शरीर किती गार पडले, यावरही व्रण अवलंबून असतात) आहे का, हे आधी पाहा. नसेल, तर निष्कर्षाचा परिच्छेद वाचण्याचे कष्टही घेऊ नका.

एक राहिलेच. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरच्या आजच्या गोळ्यांनी पोटातून रक्तस्रावाचा धोका उलट थोडा वाढतो, आणि सोबत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर जास्तच. मात्र हे वाचून चालू गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची नावे सांगा.