पिस्तूल नेमबाजी शिकल्याने स्वसंरक्षणाला उपयोग होतो का?

मुलगी पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी एकटी राहणार, तिला आत्ताच पिस्तूल नेमबाजीच्या क्लासला घातलं तर स्वसंरक्षणाला उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. हाच प्रश्न आमच्या घरात गेली पंधरा वर्षं टोमणा म्हणून फिरतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

२००९ची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणारं पिस्तूल, खेळायचे. राज्य स्पर्धेपर्यंत गेले, पुढे नाही. एका संध्याकाळी दुधाळीच्या रेंजवरून सराव आटोपून निघाले, आई रंकाळ्यावर फिरायला आली होती, दोघी बोलत बोलत घराकडे चाललो होतो. माझ्या हातात पिस्तुलाची पेटी. मागून मोटारसायकल आली, हळू झाली. वाटलं पत्ता विचारतायत. मागे बसलेल्याने सरळ आईच्या गळ्यात हात घातला.

आईने काय केलं? हनुवटी खाली दाबली आणि दोन्ही मुठींनी गंठण धरलं. दोन पावलं फरफटत गेली, पण मूठ सोडली नाही. गंठण मधोमध तुटलं. ते निघून गेले तेव्हा अर्धं त्यांच्याकडे आणि अर्धं आईच्या मुठीत, मानेवर लाल वळ आणि तोंडात शिवी. आईच्या तोंडून शिवी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

आणि मी? मी पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होते. पिस्तूल सेकंडहँड होतं, पण पैसे जमवताना घराचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून असेल. पोलिसांनी गाडीचा रंग विचारला, तोही सांगता आला नाही. दररोज तीन तास 'नजर पक्की' करणारी मुलगी मी!

पिस्तुलाच्या पैशांतले पंचवीस हजार काकांनी दिले होते. त्या रात्री ते आले आणि पहिलं वाक्य बोलले, "अगं, पेटीत पिस्तूल हुतं न्हवं? का नुसतं पूजेला आणलंय?" तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, "ही आमची नेमबाज" आणि मागून हशा.

आता समजा पेटी उघडली असती. एअर पिस्तुलात एका वेळी एकच पेलेट, म्हणजे छर्रा, बसतो, तोही बोटाने ठेवायचा. साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, पुढून चपटा, का तर कागदावर स्वच्छ गोल भोक पडावं. कागदासाठीच बनलेली वस्तू आहे ती. साठ शॉट्सना पंचाहत्तर मिनिटं मिळतात (आमच्या वेळी मुलींना चाळीसच असायचे). म्हणजे एका शॉटला मिनिटभरापेक्षा जास्त. श्वास सोडायचा, हात वरून खाली आणायचा, पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) स्पष्ट, टार्गेट धूसर, ट्रिगर हळू. मनासारखं जमलं नाही तर हात खाली घ्यायचा आणि पुन्हा सुरू. साडेअकरा मिलिमीटरचा दहाचा गोल, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा, तो दहा मीटरवरून एका हाताने मारायचा असेल तर हेच करावं लागतं. याचा गळ्यातल्या हाताशी संबंध काय?

उलट ही सवय आडवी येते, असं माझं मत आहे. आम्हाला शिकवलं जातं ते जग बंद करायला. ज्या डोळ्याने नेम धरत नाही त्याच्यापुढे पट्टी, कानात बोळे, शेजारच्या लेनवर काय चाललंय ते बघायचं नाही. या खेळात बीटा ब्लॉकर गोळ्यांवर बंदी आहे, कारण त्यांनी छातीतली धडधड आणि हाताची थरथर कमी होते. धडधड हाच मुख्य शत्रू असलेला खेळ आहे हा. रस्त्यावर ती तर पहिल्याच सेकंदाला येते. पंचवीस मीटरच्या जलद फेरीत तीन सेकंदांत हात वर करून मारावं लागतं, हे खरं, पण तिथेही पिस्तूल आधीच हातात असतं आणि आधी हिरवा दिवा लागतो.

काकांचं पुढचं टुमणं परवान्याचं. "तू नेमबाज, तुला बंदुकीचा परवाना पटकन मिळंल." एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, खऱ्या गोळीच्या .२२ पिस्तुलाला लागतो, आणि खेळासाठी घेतलेलं हत्यार पर्समध्ये घालून बाजारात मिरवायला नसतं, हे त्यांना दहा वेळा सांगून झालं. शिवाय पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालून कोर्टात स्वसंरक्षण म्हणायला मी काही वेडी नाही.

त्याच दिवाळीत त्यांनी पेटीतून पिस्तूल उचललं आणि माझ्या चुलतभावाकडे नळी करून "हात वर!" म्हणाले. आत पेलेट नव्हता. मी त्यांच्या मनगटावर इतक्या जोरात फटका मारला की फराळाची ताटली उलटली. थोरल्या माणसावर हात उचलला म्हणून काकू महिनाभर बोलल्या नाहीत. रेंजवरून मी घरी काय आणलं म्हणाल तर तो फटका. रिकामं असो, भरलेलं असो, नळी माणसाकडे जाता कामा नये, हे अंगात मुरलंय. असल्या माणसाने मला परवाना काढायला सांगावा!

हे सगळं एअर पिस्तुलाबद्दल. पोलिसात, सैन्यात जे शिकवतात ते वेगळं, तिथे नेमाबरोबर आडोसा, हालचाल, कधी झाडायचं नाही हेही येतं. पळत पळत टार्गेटं मारायच्या स्पर्धाही असतात, त्यातली माणसं माझ्यापेक्षा बरी ठरतील. मी ते केलेलं नाही.

मुलीला आवड असेल तर जरूर घाला. पिस्तूल नेमबाज राही सरनोबत आमच्याच कोल्हापूरची, २०१८ला आशियाई सुवर्ण घेऊन आली. पण खेळ म्हणून घाला. संरक्षण हवं असेल तर ज्युदो किंवा कबड्डी, जिथे दुसऱ्याचा हात अंगावर येण्याची सवय होते. ओरडायलाही शिकवा, आमच्या घरात मुलींना ते कुणी शिकवलं नव्हतं.

आणि काका, कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवणारच. पेटीला कुलूप होतं. तुमचे पंचवीस हजार मी पहिल्या नोकरीच्या पगारातून फेडलेत, आईसमोर, मोजून.