ग्लिया पेशींपासून चेतापेशी बनवून मज्जारज्जू दुरुस्त होतो का? भाऊ विहिरीच्या कामावर पडला, कमरेखाली हालचाल नाही.

दादा, आज तरी हा उपचार संभाजीनगरातही नाही अन् मुंबईतही नाही. जे वाचलंत ते उंदरांवरचं. मज्जारज्जूला मार लागला की आधाराच्या ग्लिया पेशी वाढून व्रण धरतात. अमेरिकेतल्या डॅलसच्या शास्त्रज्ञ चुन-ली झांग यांच्या गटाने २०२१ मध्ये विषाणूवाटे सॉक्स२ जनुक पोचवून त्यांतल्या एका प्रकारातून चेतापेशी मिळवल्या. उंदरांचे पुढचे पाय सुधारले. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच गटाने दाखवलं, की मेंदूतल्या अशाच काही प्रयोगांतल्या ‘नव्या’ चेतापेशी मुळात जुन्याच होत्या, नव्या पेशी ओळखायची खूण भलत्याच पेशींवर उमटली होती. तेव्हा अशा किंवा स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) उपचाराच्या नावाखाली कुणी लाखांत पैसे मागितले तर वावर विकू नका. सध्या फिजिओथेरपी सोडू नका, अन् दर दोन तासांनी त्याची कूस बदला. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.