कॅटलॉग: सूची, तालिका की नोंद?

प्रश्न असा आहे: ई-प्रकाशनांच्या कॅटलॉगिंगसाठी ग्रंथालयं आणि प्रकाशक यांनी एकत्र कसं काम करावं, यावरचा एक मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात 'कॅटलॉग' हा शब्द प्रकाशकांच्या संदर्भातही येतो आणि ग्रंथालयांच्याही. दोन्हीकडे 'सूची' चालेल का? 'तालिकीकरण' हा शब्द व्याकरणाला धरून आहे का? आणि पुस्तकाच्या ईपबला, म्हणजे पडद्यावर वाचायच्या ई-पुस्तकाच्या फाइलला, 'ई-आवृत्ती' म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर: चालणार नाही. दोन्हीकडे 'सूची' लिहिलंत, तर हे दोघं एकाच पुस्तकाकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतात हेच वाचकाला कळणार नाही, आणि सहकार्याची गरज तर तिथूनच सुरू होते.

ग्रंथालयशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'वर्गीकरण आणि तालिकीकरण' ही जोडी केव्हाच रुळली आहे. एखाद्या ग्रंथालयात काय आहे आणि ते कुठे सापडेल, हे सांगते ती तालिका. सूची अशी एका संग्रहापुरती नसते. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची केली ती ग्रंथसूची, तालिका नव्हे; कारण ती एका ग्रंथालयाच्या संग्रहाची नाही, त्या काळात निघालेल्या पुस्तकांची आहे. प्रकाशकाचा कॅटलॉग म्हणजे विक्रीला काय आहे त्याची जंत्री. त्याला 'प्रकाशनसूची' किंवा सरळ 'पुस्तकयादी' म्हणा. ग्रंथालयाच्या कॅटलॉगला मात्र 'तालिका'च. (विधिमंडळातल्या 'तालिका अध्यक्षां'मुळे कुणी बिचकेल, पण संदर्भ इतका वेगळा आहे की गोंधळ होत नाही.)

'तालिकीकरण' व्याकरणाला धरूनच आहे. संस्कृतात 'नव्हतं ते तसं करणं' या अर्थाचा च्वि प्रत्यय लागला की आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अ-आचा ई होतो. शुद्धीकरण-वर्गीकरणाच्या पंगतीत हा शब्द बसतो. 'तालिकाकरण' कधीमधी दिसतं, ते टाळावं. 'सूचीकरण' चुकीचं नाही, हिंदीत ते सर्रास चालतं. पण मराठीत तयार, नेमका शब्द असताना ते उचलायचं कारण मला दिसत नाही.

प्रकाशक ग्रंथालयाला जे पाठवतो ते मात्र सूचीही नसतं आणि तालिकाही नसते. ती असते 'नोंद'. एका पुस्तकाची, ठरलेल्या रकान्यांत भरलेली माहिती. प्रकाशकांकडे ती ओनिक्स या साच्यात असते, जो २००० साली पुस्तकव्यापारासाठी आला. ग्रंथालयांकडे मार्क २१ मध्ये, ज्याची मुळं १९६०च्या दशकात हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये केलेल्या कामात आहेत. दोन्ही साच्यांत शीर्षक, लेखक आणि आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) आहेच. पण ओनिक्सचं एकक आहे विकायची वस्तू. त्यात किंमत आणि बाजारात येण्याची तारीख महत्त्वाची. मार्कमध्ये विषयशीर्षकं आणि नावाचं प्रमाणरूप महत्त्वाचं, म्हणजे एकाच लेखकाची सगळी पुस्तकं एका नावाखाली यावीत ही काळजी. त्यामुळे तुमच्या मजकुरात 'कॅटलॉग शेअर करणे' असा काही वाक्यप्रयोग असेल, तर 'नोंदींची देवाणघेवाण' म्हणा. तिथे सूची-तालिकेचा वाद उद्भवतच नाही.

आता 'ई-आवृत्ती'. हा खरा गुंत्याचा भाग.

मराठीत आपण 'आवृत्ती' फार सैल वापरतो. मजकूर सुधारून पुन्हा काढलेलं पुस्तकही दुसरी आवृत्ती आणि आहे तसंच पुन्हा छापलेलंही दुसरी आवृत्ती. दुसऱ्याला 'पुनर्मुद्रण' म्हणण्याची शिस्त अनेक प्रकाशक पाळत नाहीत. त्यात 'ई-आवृत्ती'ची भर पडली की वाचणाऱ्याला कळत नाही, मजकूर बदललाय की नुसतं रूप.

समजा, एका पुस्तकाची दुसरी, सुधारलेली आवृत्ती छापील निघाली आणि सोबत तिचा ईपब आणि पीडीएफही निघाला. स्वतंत्रपणे विकायच्या प्रत्येक रूपाला वेगळा आयएसबीएन द्यायचा, असा नियम आहे. म्हणजे प्रकाशकाच्या लेखी वस्तू तीन. तालिकाकार छापील पुस्तकाची एक नोंद करतो आणि ई-पुस्तकाची एक. शिवाय तेच ई-पुस्तक चार विक्रेत्यांकडून मिळत असलं, तरी चार नोंदी न करता एकच विक्रेतानिरपेक्ष नोंद ठेवण्याची पद्धत आहे. या ई-पुस्तकाच्या नोंदीत मार्कच्या २५० क्रमांकाच्या क्षेत्रात, म्हणजे रकान्यात, आवृत्ती येते: 'दुसरी, सुधारित'. ७७६ मध्ये दुसऱ्या रूपाचा, म्हणजे इथे छापील पुस्तकाचा दुवा. ८५६ मध्ये पुस्तक उघडायचा वेब-पत्ता. प्रकाशकानं आवृत्तीच्या रकान्यात 'ई-आवृत्ती' एवढंच लिहून पाठवलं, तर 'दुसरी, सुधारित' ही खरी माहिती गळते आणि तालिकाकाराला फाइल उघडून ती शोधावी लागते.

म्हणून माझं मत: जाहिरातीत, मुखपृष्ठावर 'ई-आवृत्ती' खुशाल लिहा, लोकांना ते कळतं. नोंदीबद्दल बोलताना मात्र 'आवृत्ती' मजकुरासाठी राखून ठेवा आणि ईपब, पीडीएफ यांना 'फाइलस्वरूप' म्हणा.

नियतकालिकांत आणखी एक पेच असतो. तिथे ग्रंथालय अंक विकत घेत नाही, ठरावीक मुदतीसाठी ते वाचायचा परवाना घेतं, आणि प्रकाशकानं पॅकेजमधून, म्हणजे एकत्र दिलेल्या नियतकालिकांच्या संचातून, एखादं काढलं की तालिकेतली नोंद खोटी ठरते. छापील संग्रहासाठी घडलेल्या 'तालिका' या शब्दाला इथे थोडा ताण पडतो हे मान्य. पण व्यवहारानं त्यावर तोड काढली आहे. केबार्ट या शिफारशी २०१० मध्ये आल्या. प्रकाशकानं पॅकेजमधल्या शीर्षकांची यादी कोणत्या रकान्यांत द्यावी, हे त्यात सांगितलं आहे: छापील आणि ऑनलाइन आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) वेगवेगळे, कुठल्या अंकापासून कुठल्या अंकापर्यंत वाचायला मिळेल, नवे अंक किती काळ रोखून ठेवले आहेत. ही फाइल नियमानं ताजी होत राहिली तर तालिकाही खरी राहते. या फाइलला मराठीत 'शीर्षकयादी' पुरे.

'मेटाडेटा'साठी, म्हणजे पुस्तकाबद्दलच्या माहितीसाठी, 'अधिसामग्री', 'अधिविदा' असे शब्द सुचवले गेले आहेत. मी 'मेटाडेटा'च ठेवीन. जिथे एकाच पुस्तकाबद्दल बोलणं चाललंय, तिथे 'नोंद' हा साधा शब्द बहुतेक वेळा त्याचं काम करतो.

जाता जाता ईपबबद्दल. या फाइलच्या पोटात पुस्तकाची माहिती डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या ठरलेल्या साच्यातल्या घटकांत लिहिलेली असते. (हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोचं, १९९५ ची बैठक तिथे झाली.) त्या घटकांपैकी सक्तीचे तीनच: ओळखक्रमांक, शीर्षक आणि भाषा. लेखकाचं नाव ऐच्छिक आहे! भाषेच्या जागी मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं लागतात. ओनिक्स आणि मार्कमध्ये 'एमएआर' ही तीन. फाइल बनवताना जुन्या साच्यातलं इंग्रजीचं 'ईएन' तसंच राहून गेलं आणि नोंद त्यावरूनच तयार झाली, तर अस्सल मराठी कादंबरी 'भाषा: मराठी' असा शोध घेणाऱ्याला दिसतच नाही. तुमच्या मजकुरात प्रकाशकांसाठी सूचनांचा भाग असेल, तर हे एक वाक्य त्यात जरूर घाला.