जाणीव नसताना माणूस साहचर्यातून, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकामागून एक येण्यातून, शिकतो का?

बहुतेक प्रयोगांत नाही. पापणीचा प्रयोग मात्र अडचणीत टाकतो.

आधी तळहाताचा घाम बघा. दिवा लागला की शॉक, असं जोडत गेलं की पुढे नुसत्या दिव्यालाही घाम सुटतो. पण "दिव्यानंतर शॉक बसेल" एवढं तोंडी सांगितलं तरी तेच होतं, एकही जोडी अनुभवावी लागत नाही. म्हणजे इथे काम करते ती जाणीवपूर्वक अपेक्षाच. कुक आणि हॅरिस यांनी हे १९३७ मध्येच दाखवलं.

आता फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पेरुशे यांचा १९८५ चा पापणीचा प्रयोग. आवाजानंतर डोळ्यावर हवेचा झोत, पण निम्म्याच वेळा. लागोपाठ तीन-चारदा झोत आला की माणूस म्हणतो, "आता नाही येणार" (अस्सल जुगाऱ्याचं गणित!). आवाज ऐकून पापणी मात्र उलट जास्तच मिटते, जणू शिकणं अपेक्षेविना चाललंय. मेख एवढीच, की ताज्या झोतांनी पापणी नुसतीच हुळहुळी झालेली असू शकते. मग ते शिकणं नव्हे.

जाणीव मोजायची तर प्रत्येक फेरीत अपेक्षा विचारा. सगळं संपल्यावर विचारलंत तर लोक विसरलेले असतात, आणि "नकळत शिकले" असा फसवा निष्कर्ष निघतो.