सात स्नेअर, वाजतो एकच: काय ठेवू, काय काढू?

प्रश्न : नमस्कार. मी हौशी ड्रमर आहे, नोकरी सांभाळून वाजवतो, महिन्यातून एकदोनदा मित्रांच्या बँडबरोबर प्रॅक्टिस आणि अधूनमधून एखादा छोटा कार्यक्रम, एवढंच. पण सामान मात्र वाढतच चाललंय. दोन अकूस्टिक सेट, एक इलेक्ट्रॉनिक, सात स्नेअर (खाली तारा लावलेला, खणखणीत वाजणारा ड्रम), दहा-बारा सिम्बल्स (धातूच्या झांजा), तीन पेडल आणि स्टँडचा ढीग, एक अख्खी खोली त्यातच गेलीय. सगळं लावायला जागा नाही म्हणून बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिकवरच बसतो. तरी काही दिवस गेले की कुठलातरी नवा स्नेअर ऐकतो आणि वाटतं की आपल्याकडे हा आवाज नाहीये. विकायला काढावं म्हटलं तर जीव होत नाही, पहिला सेट तर अजिबातच नाही. काय ठेवू, काय काढू? – एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातलं 'आपल्याकडे हा आवाज नाहीये' हे वाक्य मी आधी घेतो, कारण माझ्या मते सगळं सामान तिथूनच येतंय. तो नवा स्नेअर तुम्ही ऐकता कुठे? बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये नाहीतर व्हिडिओत. तिथे स्नेअरच्या रिमपाशी एक माइक असतो, बऱ्याचदा खाली वायरजवळ दुसरा, वर डोक्यावरून सगळा सेट टिपणारे ओव्हरहेड माइक, मग त्यावर ईक्यू, कम्प्रेसर, रिव्हर्ब असे आवाज घडवणारे संस्कार, आणि मुळात ती खोलीसुद्धा त्यासाठीच बांधलेली. आपण विकत घेतो तेव्हा यातलं काहीच घरी येत नाही, येतो फक्त ड्रम. तो आपल्या खोलीत, आपल्या कानापासून हातभर अंतरावर वाजतो, अर्थात वेगळाच वाजतो, आणि मग आपण पुढचा शोधायला लागतो.

आता ड्रमचंच बघा. स्नेअरचा आवाज सगळ्यात जास्त बदलतो तो हेडने (वर ताणलेल्या पडद्याने) आणि ट्यूनिंगने, मग खालच्या वायर, म्हणजे तारा, किती ताणल्यात त्याने, मग खोली, रिम (हेड दाबणारं कडं) आणि शेलच्या, म्हणजे ड्रमच्या पिंपाच्या, कडा कशा कापल्यात त्याने. मेपल की ब्रास की अॅल्युमिनियम हा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही, पण जुनं दबलेलं हेड लावलेल्या ब्रासमध्ये आणि तसंच हेड लावलेल्या मेपलमध्ये तो फरक ऐकूच येत नाही, दोन्ही सारखेच मेलेले वाजतात. तुमच्या सात स्नेअरपैकी किती जणांचं हेड गेल्या वर्षभरात बदललंय? मला वाटतं एखाददुसऱ्याचं.

म्हणून काही विकायच्या आधी एक काम करा. कुठलाही एक स्नेअर घ्या, चौदा इंची असेल तर उत्तम, आणि त्याला वरचं नवीन हेड आणा, कोटेड (वर खरखरीत लेप असलेलं), सिंगल प्लाय (एकाच थराचं), साधारण 10 मिल जाडीचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जुनं हेड काढल्यावर शेलची कड फडक्याने पुसून घ्या, नवीन हेड बसवून रिम आवळणारे सगळे रॉड आधी फक्त बोटांनी आवळा, बोटांनी आवळले जात नाहीत इथपर्यंत. मग की (ड्रमची किल्ली) लावून समोरासमोरचे लग (रॉड ज्यात बसतात ते) घ्या, एक इकडचा की लगेच त्याच्या बरोबर समोरचा, प्रत्येकाला अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. मधेमधे प्रत्येक लगसमोर, रिमपासून दोन बोटं आत, स्टिकच्या टोकाने हलकेच टकटक करून ऐका. एखादी जागा खाली बोलत असेल तर तिथे पाव फेरा, चढी बोलत असेल तर तिथे थोडं सैल. खालचं हेड वरच्यापेक्षा बरंच पातळ असतं, साधारण 3 मिल, त्याला घाबरून लोक ते ढिलं ठेवतात आणि मग वायर नीट बोलतच नाहीत, स्नेअर नुसता फरफरतो. ते वरच्यापेक्षा ताठ ठेवा. हे करताना वायर ऑफ करून ठेवा म्हणजे सूर ऐकू येईल, आणि झाल्यावर वायर ऑन करून मधोमध अगदी हळू वाजवा, हळू वाजवल्यावर वायर बोलल्या म्हणजे ताण बरोबर आहे, गुदमरल्या तर वायर ताणणारा स्क्रू अर्धा फेरा सोडा.

आता हाच एक ड्रम तीन प्रकारे ऐका, खाली उतरवून जाडजूड, मग मध्यम, मग टणक चढा. प्रत्येक वेळी फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा. मग दुसऱ्या स्नेअरलाही तसंच हेड लावून तेच करा, आणि एकदोन दिवस जाऊ देऊन कोणाला तरी उलटसुलट क्रमाने लावायला सांगा, कुठला कुठला ते तुम्हाला न सांगता. जे स्नेअर तुम्हाला वेगळे ओळखू येत नाहीत ते दोन स्नेअर नाहीत, तो एकच स्नेअर दोनदा घेतलाय. त्यातला एक जाऊ द्या. मला वाटतं तुमच्याकडे शेवटी दोन उरतील, फार तर तीन, एक लाकडी, एक धातूचा, आणि दुसरा तसाही हवाच कारण कार्यक्रमात हेड फाटलं तर हाताशी असला पाहिजे.

सिम्बल्सचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. ड्रमचा आवाज की फिरवून बदलता येतो, सिम्बलचा येत नाही. तांब्या-कथलाचं प्रमाण (80-20 वालं ब्राँझ की 92-8 वालं), जाडी, ठोकून पाडलेले खळगे, लेथवर काढलेल्या रेषा, हे सगळं कारखान्यात एकदा ठरलं की ठरलं, नंतर तुम्ही फार तर टेप चिकटवून ती दाबू शकता. म्हणून दोन राइड (ताल धरायच्या मोठ्या सिम्बल) ठेवणं चूक नाही, एकीवर स्टिकचा टिक्-टिक् स्वच्छ ऐकू येत असेल आणि दुसरी क्रॅशसारखी (जोर देताना झणकारणाऱ्या सिम्बलसारखी) उघडत असेल तर ती खरोखर दोन वाद्यं आहेत. सिम्बल्स विकायची घाई करू नका, आणि शिकताना सेटबरोबर आलेल्या पहिल्या पातळ पत्र्यासारख्या असतील त्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला देऊन टाका.

इलेक्ट्रॉनिक सेट ठेवा, कारण तुम्ही तोच वाजवताय. रात्री हेडफोन लावून वाजवता येतं हा त्याचा मोठा गुण आहे (पेडलचा धक्का खालच्या मजल्यावर जातो तेवढं बघा, खाली जाड मॅट टाका). दोन अकूस्टिकपैकी एकच ठेवा आणि तो लावलेला ठेवा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पिशवीतला सेट कितीही भारी असला तरी अर्धा तास मोकळा मिळाल्यावर तो काढून लावून वाजवणं होत नाही, तो अर्धा तास लावण्यातच जातो. खोली रिकामी करायची ती त्यासाठी, एक सेट कायम उभा राहावा म्हणून. चारच ड्रम लावा, बेस, स्नेअर, एक टॉम, एक फ्लोअर टॉम. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचे ड्रमर चार्ली वॉट्स कित्येक दशकं 1957 च्या ग्रेच कंपनीच्या सेटवर, असेच चार ड्रम लावून वाजवत होते, आणि गंमत म्हणजे ते स्वतः जुन्या सेटचे मोठे संग्राहकसुद्धा होते, आवडत्या जॅझ ड्रमरांचे सेट त्यांनी जमवले होते. पण त्यांच्या संग्रहातल्या वस्तूंना इतिहास होता आणि वाजवायचं सामान वेगळं होतं. तुम्हाला खरंच जुन्या ड्रमचा, कारखान्यांचा, बॅजचा नाद असेल तर खुशाल संग्रह करा, तो सुंदर छंद आहे, पण पत्रावरून तरी तसं वाटलं नाही, तुम्हाला वाजवायचंय.

पहिला सेट विकायला जीव होत नाही, तर विकू नका ना. पण मग तोच उभा करा. नवीन हेड लावा, कडा तपासा, आणि दुसरा विका. पहिल्या सेटचे ड्रम अगदीच कामाचे नसतील तर त्यातला फक्त स्नेअर जवळ ठेवा.

विकताना दोन गोष्टी सांभाळा. शेल काचेवर किंवा सपाट फरशीवर उपडं ठेवून आत टॉर्च लावा, कडेखालून उजेड कुठे झिरपतोय ते बघा आणि घेणाऱ्याला खरं सांगा. आणि जुन्या सिम्बल्स घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका, कंपनीचा शिक्का उडतो, आणि कित्येकांना ती जुनी झाक आणि तिचा थोडा मवाळ आवाजच हवा असतो.

आलेल्या पैशातून थोडे बारीकसारीक सामानाला ठेवा. हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या सिम्बलच्या जोडीचा) क्लच, सिम्बलचे फेल्ट आणि प्लास्टिकच्या नळ्या, विंगनट (सिम्बल स्टँडवर धरणारा, हाताने फिरवायचा नट), चारदोन टेन्शन रॉड, वायरची दोरी, ड्रम की दोन. ऐन कार्यक्रमात अडतं ते इथेच, आणि दुकानातून येताना हे कोणी आणत नाही. बसायचं स्टूलही बघा, ते डगमगत असेल तर पाठ आणि पाय दोन्ही बिघडतात, एका स्नेअरच्या पैशात चांगलं येतं.

प्रश्न : माझ्या क्रॅशच्या कडेला नखाएवढी चीर पडलीय. नवीन घेण्याआधी ही वाचवता येईल का? – एक वाचक

उत्तर : चीर कुठल्या दिशेला चाललीय ते बघा. कडेवरून सरळ आत चाललेली असेल तर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतात किंवा तेवढा भाग चंद्रकोरीसारखा कापून कड घासून घेतात, त्याने काही काळ निभतं, आवाज थोडा बदलतो. लेथच्या रेषेबरोबर गोल चाललेली असेल तर ती सहसा थांबत नाही, अशा वेळी नवीन घ्या, मनात काही न आणता घ्या.

पण आधी चीर का पडली ते शोधा, नाहीतर नवीनही तशीच जाईल. बहुतेक वेळा विंगनट फार आवळलेला असतो, नाहीतर मधली नळी गेलेली असते आणि सिम्बल थेट स्टँडच्या दांड्यावर घासत असते, मधल्या भोकाचा आकार किल्लीच्या भोकासारखा झाला असेल तर हेच कारण. आणि स्टिक कडेवर सरळ कुऱ्हाडीसारखी मारू नका, तिरकी, बाजूला निघून जाणारी मारा. सिम्बल किंचित आपल्याकडे कललेली हवी, फार नाही, आणि नट इतकाच फिरवायचा की हाताने ढकलल्यावर ती मोकळी झुलली पाहिजे.